ओट्यावर पत्र्याची शेड: पत्रा कोणता, हा प्रश्न शेवटचा

तुमचं म्हणणं थोडक्यात असं आहे. रत्नागिरीजवळ चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, जुनं कौलारू घर आहे. पुढे २० फूट लांब, १० फूट रुंद ओटा आहे, अंगणापासून दीड फूट उंच. पावसाळ्यात झडीने ओटा भिजतो आणि एप्रिल-मेमध्ये फरशीवर पाय ठेववत नाही. फॅब्रिकेटर म्हणतो, भिंतीत अँगल ठोकू, पुढच्या कडेला तीन खांब फरशीवरच बोल्ट करू आणि वर ०.३५ मिमीचा रंगीत पत्रा टाकू. शेजाऱ्यांचे पत्रे वादळात उडाले होते, म्हणून कोणता पत्रा टिकेल असं तुम्ही विचारताय.

पत्र्याचं नंतर बघू. तुमच्यापुढे खरे प्रश्न दोन आहेत. कौलांच्या वळचणीखाली उताराला पुरेल इतकी उंची आहे का, हा पहिला. आणि वारा हे सगळं वर उचलायला लागला की त्याला खाली कोण धरणार, हा दुसरा. हे दोन सुटले तर मध्यम प्रतीचा पत्राही बरीच वर्षं जातो. नाही सुटले तर भारीतला भारी पत्रा सांगाड्यासकट शेजारच्या वाडीत सापडतो.

आधी उंची. टेपने दोन मापं घ्या: ओट्यापासून वळचणीच्या खालच्या कडेपर्यंतची उंची आणि भिंतीपासून वळचण किती बाहेर येते ते. अशा घरांत ही मापं साधारण साडेआठ फूट आणि दोन फूट निघतात, तीच धरून हिशोब मांडतो. नवा पत्रा वळचणीखाली आत सरकवायचा आहे आणि कौल बदलायला हात जावा म्हणून मध्ये सहा इंच मोकळे हवेत. म्हणजे वळचणीच्या रेषेत पत्र्याची उंची आठ फूट. तिथून ओट्याची पुढची कड आठ फुटांवर. फुटाला दोन इंच ढाळ दिला, तर कडेपर्यंत पत्रा १६ इंच उतरून सहा फूट आठ इंचांवर येतो. त्याखाली दोन इंचाचा पर्लिन (पत्रा ज्यावर बसतो तो आडवा पाइप) आणि चार इंचाचा राफ्टर (पर्लिन पेलणारा, उताराच्या दिशेचा पाइप), म्हणजे डोक्यावर उरले सहा फूट दोन इंच. घरातल्या उंच माणसाचं कपाळ तिथे एकदा तरी फुटणारच.

फुटाला एक इंच ढाळ दिला तर डोकं वाचेल, पण कोकणातल्या पावसाला तो कमी पडतो. वारा समोरून आला की पाणी पत्र्यावर मागे ढकललं जातं आणि आडव्या जोडातून आत शिरतं. म्हणून तुमच्यासाठी फुटाला दीड इंच. कडेला पत्रा सात फुटांवर, राफ्टरखाली साडेसहा फूट. इतक्या ढाळाला अट एकच: पत्रा वरपासून खालपर्यंत एकसंध हवा, मध्ये लांबीचा जोड नको. शेड ओट्याच्या थोडी बाहेर काढायची आहे, त्या साडेअकरा फुटांच्या रुंदीला १२ फुटी पत्रा लागतो आणि तो त्या मापात कापून मिळतो. तुमची वळचण साडेआठ फुटांपेक्षा वर असेल तर खुशाल दोन इंच द्या. आठ फुटांच्या खाली असेल, तर शेडची रुंदी कमी करा. उताराशी तडजोड करू नका.

आता वारा. शेड म्हणजे डोक्यावरचं वजन, ते पडू नये म्हणून खांब, असं बहुतेकांच्या मनात असतं. पत्र्याच्या शेडचं गणित उलटं आहे. ०.५ मिमीचा पत्रा चौरस मीटरला साडेचार किलोच्या आसपास भरतो. सांगाडा धरला तरी सगळं मिळून चौरस मीटरला २० किलो. वाऱ्याच्या भारासाठीच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात, मूळ वेग मुंबईला सेकंदाला ४४ मीटर आणि पणजीला ३९ मीटर धरलेला आहे. वेगाचा वर्ग गुणिले ०.६ केलं की दाब न्यूटनमध्ये निघतो. किलोत सांगायचं तर चौरस मीटरला साधारण ९३ ते ११८ किलो. तीन बाजूंनी उघड्या शेडमध्ये वारा खालून वर दाबतो आणि वरून ओढतोही. नेमका आकडा जागेवर ठरतो. सड्यावरचं, म्हणजे कातळी पठारावरचं, उघडं घर आणि माडांच्या बागेतलं घर यांत बराच फरक पडतो. पण अंदाजाला १०० किलो धरा.

तुमची शेड २१ बाय साडेअकरा फूट, म्हणजे सुमारे २२.४ चौरस मीटर. वर उचलणारं बळ सव्वादोन टनांच्या घरात जातं आणि शेडचं स्वतःचं वजन जेमतेम साडेचारशे किलो. उरलेले अठराशे किलो जमिनीला धरून ठेवायचे आहेत. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, मुरूड, दापोली या पट्ट्यात असंख्य छपरं गेली, त्यामागेही हेच उलटं गणित आहे.

आता फॅब्रिकेटरचा बेत या नजरेने बघा. खांब फरशीवर बोल्ट करायचा म्हणजे बोल्ट फरशी आणि तिच्याखालच्या तीन-चार इंच कोब्यात जाणार. त्याखाली ओट्याची भर आहे, नुसती माती आणि दगडगोटे. वारा ओढू लागला की अँकर फास्टनर, म्हणजे भोकात फुलून बसणारा बोल्ट, कोब्याचा तुकडा घेऊनच वर येतो. भिंतीचीही तीच गत. चिरा दाबाला चांगला, ओढीला नाही. तो सच्छिद्र आणि ठिसूळ असतो. फास्टनर आवळला की फुलतो आणि भोकाच्या आतली कड भुगा होऊन सुटते. त्या दिवशी बोल्ट घट्ट वाटतो, दोन पावसाळ्यांनी हाताने हलतो. जुन्या भिंतीत दरजा मातीच्या असतील तर बोलायलाच नको. शिवाय त्या भोकांतून पाणी भिंतीत मुरतं ते वेगळंच. भिंतीला धरायचंच झालं तर बोल्ट आरपार नेऊन घराच्या आतल्या बाजूला लोखंडी पट्टी द्यावी लागते, आणि आत पलंगाच्या डोक्याशी नट-बोल्ट कुणाला आवडत नाहीत.

म्हणून माझा सल्ला: भिंतीला हातच लावू नका. शेड स्वतःच्या आठ पायांवर उभी करा, चार मागे, चार पुढे. मागची रांग भिंतीपासून दीड फुटावर, पुढची ११ फुटांवर, म्हणजे ओट्याच्या बाहेर अंगणात. पत्रा भिंतीपासून सहा इंच सोडून सुरू करायचा आणि १२ फुटांवर संपवायचा. मागची ती सहा इंचांची फट वळचणीखाली दीड फूट आत आहे, त्यामुळे सरळ पाऊस तिथे येत नाही, आणि पत्र्याखाली साठलेली गरम हवा तिथूनच निघून जाते. भिंत आणि पत्र्याच्या सांध्याला डांबरी पट्टी, सिलिकॉन, सिमेंटची गोळी मारून दर वर्षी गळती बुजवायचा सोहळाही वाचतो.

तीन खांबांऐवजी चार का? २० फुटांत तीन खांब घेतले की मधला बरोबर दाराच्या आणि तुळशीच्या मध्ये उभा राहतो. चार घेतले की खांबांत पावणेसात फुटांचे तीन गाळे पडतात आणि मधला दारासमोर मोकळा राहतो. लोखंडही कमी जाडीचं चालतं.

पाया. मधल्या प्रत्येक खांबावर सुमारे ३०० किलोंची ओढ येते, टोकाच्या खांबांवर त्याहून कमी. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल काँक्रीटचा ठोकळा ५४० किलोंच्या आसपास भरतो, त्यामुळे हाताशी बरीच शिल्लक राहते. आठही खड्डे याच मापाचे करा. गवंड्याला वेगवेगळी मापं दिली की गोंधळ होतो, आणि वाचतात ती फार तर तीन गोणी. मागचे खड्डे ओट्यातच आहेत, त्यामुळे दोन फूट खोदूनही अंगणाच्या पातळीखाली सहा इंचच जातात आणि घराच्या पायाला धक्का लागत नाही. तरी चारही खड्डे एकदम उघडे टाकू नका, एक भरला की दुसरा खणा. एकूण काँक्रीट ६४ घनफूट. सिमेंट, वाळू, खडी १:१.५:३ या प्रमाणाला सिमेंटच्या १५ गोणी लागतील.

अंगणात फूटभर खाली कातळ लागला तर तो फोडत बसू नका. कातळ धुऊन स्वच्छ करा, प्रत्येक खड्ड्यात चार भोकं फूटभर खोल पाडा, त्यात १२ मिमीच्या सळ्या सिमेंटच्या घट्ट ग्राऊटमध्ये बसवा आणि वर ठोकळा ओता. मात्र कातळ एकसंध आहे की सुटा धोंडा, हे पहारीने ठोकून बघा. आवाजावरून कळतं.

खांब काँक्रीटमध्ये थेट गाडू नये. पाइप जिथे काँक्रीटमधून बाहेर येतो त्या रेषेवर पाणी थांबतं आणि तो तिथेच कुजतो. वरून रंग चकचकीत, खाली पाइप कागदासारखा. त्याऐवजी ठोकळा जमिनीच्या वर चार इंच आणा, त्यात १६ मिमीचे दीड फुटी, खाली वाकवलेले चार फाउंडेशन बोल्ट सोडा आणि वर आठ बाय आठ इंच, १० मिमी जाड बेस प्लेट बसवा. बोल्ट हलू नयेत म्हणून फळीत चार भोकं पाडून तोच साचा आठही ठिकाणी वापरा. काँक्रीट ओतताना रांग दोरीने आणि पातळी पाण्याच्या नळीने तपासा. बोल्ट अर्धा इंच सरकला की फॅब्रिकेटर गॅसने प्लेटचं भोक मोठं करतो, आणि तिथली पकड गेली.

लोखंडाची यादी अशी. खांबांना तीन इंची चौकोनी पाइप, ३ मिमी जाड, २० फुटी चार नग. एका नगात मागचा एक आणि पुढचा एक खांब निघतो. राफ्टरला चार बाय दोन इंच, ३ मिमी, चार नग. पर्लिनला दोन बाय दोन, २ मिमी, सहा नग. पर्लिनच्या पाच ओळी, सव्वादोन ते पावणेतीन फूट अंतराने, आणि त्यांचा लांबीचा जोड राफ्टरवरच यायला हवा, अधांतरी नको. राफ्टरच्या उरलेल्या तुकड्यांतून खांब आणि राफ्टरच्या कोपऱ्यातले दीड फुटी तिरके ब्रेस काढा. शेड भिंतीला धरलेली नाही, म्हणून हे ब्रेस ऐच्छिक नाहीत. ते दोन्ही दिशांना हवेत. फक्त दारासमोरच्या मधल्या गाळ्यात लांबीच्या दिशेचे सोडा, नाहीतर डोक्याला लागतील.

एक गोष्ट दुकानातच करायची. पाइपची जाडी डोळ्यांनी कळत नाही, वजनाने कळते. दोन इंची, २ मिमी जाडीचा २० फुटी पाइप १८ किलो भरायला हवा. १.६ मिमीचा असेल तर साडेचौदा किलोच भरतो. फॅब्रिकेटर चौरस फुटाच्या दराने काम घेत असेल तर पातळ पाइप वापरण्यात त्याचा सरळ फायदा आहे. त्यामुळे कोटेशनमध्ये पाइपचं माप आणि जाडी लिहून घ्या, काट्याची पावती मागा. यात कुणाला राग येत असेल तर येऊ द्या.

समुद्र जवळ असेल तर जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला, पाइप घ्या. पण जीआय घेतला म्हणजे गंज लागत नाही, हा गैरसमज आहे. वेल्डिंगच्या जागी जस्त जळून जातं आणि गंज नेमका तिथून सुरू होतो. वेल्ड झाल्याबरोबर हातोडीने चिपा काढा, तारेच्या ब्रशने घासा आणि त्याच दिवशी जस्तयुक्त प्रायमरचे दोन हात द्या. पाइपची उघडी तोंडं पत्रा वेल्ड करून बंद करा. खारी हवा आणि पाणी पाइपच्या आत शिरलं की तो आतून गंजतो आणि बाहेर फोड दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

आता पत्रा. ०.३५ नको. पातळ पत्रा स्क्रूच्या डोक्याभोवती फाटतो. स्क्रू पर्लिनमध्ये जागच्या जागी राहतो आणि पत्रा निघून जातो. ०.५ मिमीचा, अ‍ॅल्युमिनियम-जस्ताचा थर असलेला, रंगीत पत्रा घ्या. ०.५ ही रंगासकट जाडी आहे का, आणि मूळ पोलाद किती, ते विचारा. मूळ पोलाद ०.४२ च्या खाली नको. थर एझेड १५० मागा, म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १५० ग्रॅम. रंग पांढरा किंवा फिकट. गडद लाल-निळा दिसायला छान, पण त्याखाली मे महिन्यात दुपारी बसवत नाही. पत्र्याची रुंदी जोड वजा जाता साधारण एक मीटर पडते, म्हणून २१ फुटांना सात पत्रे. घरात अंधार होईल अशी भीती वाटत असेल तर सातांपैकी एक त्याच घडीचा पारदर्शक पॉलिकार्बोनेट घ्या. तो उन्हाने पसरतो, त्यामुळे त्याची भोकं स्क्रूपेक्षा दोन-तीन मिमी मोठी पाडावी लागतात. वर माड असेल तर हा विचार सोडा. नारळ पडला की पोलादाच्या पत्र्याला पोचा येईल, पॉलिकार्बोनेट फुटेल. सिमेंटचा पत्रा स्वस्त आणि थंड असतो, पण वानरांच्या उड्या आणि वर चढलेल्या माणसाचा पाय त्याला सोसत नाही.

पत्रे टाकताना वाऱ्याच्या उलट टोकाकडून सुरुवात करा. तुमच्याकडे पावसाळी वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो. वरच्या पत्र्याची कड त्या वाऱ्याकडे तोंड करून उघडी राहता कामा नये. ज्या कडेला बारीक खाच असते ती कड खाली जाते. ती पाणी अडवायला आहे, उलटी बसवली की व्यर्थ.

स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचे, खोबणीत नाही. खोबणीतून पाणी वाहतं. साडेपाच मिमी जाड, ५५ मिमी लांब सेल्फ ड्रिलिंग स्क्रू, ईपीडीएम रबराच्या वॉशरसह. पहिल्या आणि शेवटच्या पर्लिनवर प्रत्येक उंचवट्यावर, मधल्या तिन्हींवर एक सोडून एक. हिशोब सव्वाशेच्या आसपास येतो. शिवाय पत्र्याला पत्रा शिवायला दर दीड-दोन फुटांवर आखूड स्क्रू, ते पन्नासेक. वारा कडांवर सगळ्यात जास्त ओढतो आणि कामगार नेमके कडेचेच स्क्रू वाचवतात, तेव्हा खाली उभे राहून मोजा. रबर धातूच्या वाटीखाली किंचित फुगून तिच्या कडेबरोबर आलं की थांबायचं. रबर बाहेर ओघळलं, उंचवटा दबून वाटी झाली, म्हणजे जास्त आवळला. तिथे पाणी साचणार आणि वर्षाभरात रबर फाटणार.

पत्रा ग्राइंडरने कापू देऊ नका, पत्र्याच्या कात्रीने कापा. ग्राइंडरच्या ठिणग्या म्हणजे तापलेले लोखंडाचे कण. ते रंगात रुततात आणि दोन दिवसांत नव्या पत्र्यावर तांबूस पुरळ उठतं. स्क्रू मारताना पडलेला लोखंडाचा कीसही संध्याकाळी मऊ झाडूने झाडून काढा.

पन्हळ लावायची का, हे झाडांवर अवलंबून आहे. तुमच्या पत्र्यावर फक्त त्याचाच पाऊस पडणार नाही, कौलांच्या पुढच्या पाख्याचं पाणीही त्यावरच येणार. दोन्ही मिळून ५० चौरस मीटर धरले, तर तासाला १०० मिमीच्या सरीत मिनिटाला ८० लिटरपेक्षा जास्त पाणी. त्याला सहा इंची पन्हळ, मध्यावर उंच, दोन्ही टोकांना उतार आणि दोन्हीकडे चार इंची पाइप लागतो. शेजारी आंबा-फणस असेल तर ती दर आठवड्याला पानांनी तुंबणार. मग पन्हळ न लावता पाणी खाली पडू द्या आणि पडतं त्या रेषेत दोन फूट रुंद खडीचा पट्टा घाला. खडी नसेल तर माती उडून खांब आणि ओटा रंगतो.

आवाजासाठी पर्लिनवर पत्र्याखाली फोमची पट्टी चिकटवा. पत्रा थडथडत नाही, एवढाच तिचा उपयोग. पावसाचा ताशा वाजणारच. पंखा किंवा दिवा लावणार असाल तर वायर पाइपच्या आतून न नेता वेगळ्या नळीतून न्या आणि सांगाड्याला अर्थिंग द्या.

शेवटी वेळ. पाया एप्रिलमध्येच भरा. सात दिवस पाणी मारा, त्यानंतरच खांब उभे करा. पत्रे एका दिवसात टाकून, पूर्ण स्क्रू मारूनच कामगारांना सोडा. मे महिन्यात दुपारी मळभ येतं आणि वळवाआधीचा वारा पाच मिनिटांत उठतो. बाकीचे उद्या मारतो म्हणून चार-चार स्क्रूंवर ठेवलेला पत्रा त्याच वाऱ्यात सुटतो, आणि सुटलेला पत्रा माणूस कापतो. पहिला पावसाळा संपला की दिवाळीच्या सुमारास शिडी लावून कडेचे स्क्रू, बेस प्लेटचे नट आणि वेल्डच्या जागा एकदा हाताने तपासा.